गोळ्यांमुळं आईची किडनी बिघडली असं वाटतंय. हे कुठं कळवतात, आणि एका पेशंटचं कळवून उपयोग होतो का?

कृष्णाकाठ

नमस्कार. आम्ही शिरोळ तालुक्यातले. नोकरीमुळं मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहते, आई गावाकडंच असते. तिचं वय ६४. साखर नाही, बीपी बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्याची रोज एक गोळी चालू होती. पाकिटावर टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी दोन नावं आहेत.

गेल्या हिवाळ्यात तिचे गुडघे धरले. गावातल्या डॉक्टरांनी एसिक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी पाच दिवसांसाठी दिली. बरं वाटलं म्हणून आईनं रिकामी स्ट्रिप दाखवून दुकानातून पुन्हा आणली, मग पुन्हा आणली. "अगं, गोळी घेतल्याबगार उठवत न्हाई मला," असं फोनवर म्हणायची. एप्रिलमध्ये मळमळ सुरू झाली, पायावर सूज आली, लघवी कमी झाली. कोल्हापुरात आणून रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) २.४. कपाटातल्या फायलीत आदल्या वर्षीचा रिपोर्ट सापडला, त्यात ०.९ होतं.

किडनीच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी बंद केली आणि बीपीचं औषध बदललं. काही आठवड्यांत १.३ वर आलं. आता ती जेवतेय, हिंडतेय.

गावातले डॉक्टर म्हणाले, "वयानं होतं, बीपीनं होतं." माझा त्यांच्यावर राग नाही. महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा होडीतून आलेला माणूस आहे तो. पण मग या गोष्टीची नोंद कुठंच होणार नाही का? गल्लीतल्या कितीतरी बायका हीच गोळी घेतात. सामान्य माणसानं कळवलेलं चालतं का? डॉक्टरांना त्यातून त्रास होईल का? आणि एका बाईच्या माहितीनं कुणाला काय कळणार?

सातवी_गल्ली

ताई, आई सावरल्या हे वाचून बरं वाटलं. मी औषधशास्त्रात एम.डी. केलं आणि नंतर औषधांच्या सुरक्षिततेच्या संशोधनातच राहिले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावांमध्येच माझं बरंचसं काम चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कळवायचं कसं ते. आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायला २०१० पासून पीव्हीपीआय हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ या नंबरला पैसे पडत नाहीत, कामाच्या दिवशी कार्यालयीन वेळेत लावा. रुग्णांनी भरायचा फॉर्म वेगळा आणि सोपा आहे, मराठीतही मिळतो. अनेक मेडिकल कॉलेजांत याचं एडीआर केंद्र, म्हणजे दुष्परिणाम नोंदवायचं केंद्र असतं, बहुतेक औषधशास्त्र विभागात. तिथं कागद नेऊन दिला तरी चालतो. चार गोष्टी मात्र लागतातच: रुग्ण कोण, त्रास काय झाला, संशय कोणत्या औषधावर आणि कळवणारं कोण. रुग्णाचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं आणि वय पुरतं. औषधामुळंच झालं हे सिद्ध करणं तुमचं काम नाही. संशय आला एवढं पुरे.

डॉक्टरांची काळजी करू नका. माहिती दिली म्हणजे डॉक्टर, कंपनी किंवा औषध दोषी ठरलं असा अर्थ होत नाही, हे फॉर्मवरच छापलेलं असतं. नावं गुप्त राहतात.

आता तुमच्या पोस्टमधल्या ज्या ओळीवर मी अडकले ती सांगते. आई "बीपीची एक गोळी" घेत होत्या, पण त्या एका गोळीत औषधं दोन आहेत. एसिक्लोफेनॅक धरून तीन झाली. या तिघांची गाठ किडनीला महागात पडते.

किडनीच्या प्रत्येक गाळणीत एक बारीक नळी रक्त आत आणते, दुसरी बाहेर नेते. आत दाब टिकला तरच रक्त गाळलं जातं. अंगातलं पाणी कमी झालं की शरीर दोन उपाय करतं. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं आत येणारी नळी सैल ठेवतात, आणि अँजिओटेन्सिन बाहेर जाणारी नळी आवळून धरतं. एसिक्लोफेनॅकनं पहिला उपाय बंद होतो, टेल्मिसार्टननं दुसरा. आणि थायझाइड मुळात लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. त्यात शिरोळचा एप्रिल. यातलं एकही औषध वाईट नाही. टेल्मिसार्टननं असंख्य लोकांचा बीपी आटोक्यात ठेवलाय, तेव्हा हे वाचून कुणी बीपीची गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

ब्रिटनमध्ये बीपीची औषधं घेणाऱ्या ४,८७,३७२ लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०१३ साली बीएमजे या नियतकालिकात एक अभ्यास आला. बीपीच्या अशाच दोन औषधांत दुखण्याची गोळी मिळाली की किडनीला अचानक इजा होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी जास्त दिसलं, आणि पहिल्या ३० दिवसांत तर ८२ टक्क्यांनी जास्त.

"वयानं होतं" यावर बोलायला हवं, कारण माझं सगळं काम त्या दोन शब्दांभोवती फिरतं. औषधाचा दुष्परिणाम जर विचित्र असेल तर तो लवकर पकडला जातो. थॅलिडोमाइड १९५७ साली जर्मनीत बाजारात आलं. हातपाय न वाढलेली बाळं जन्माला येऊ लागली, जी डॉक्टरांनी आयुष्यात क्वचितच पाहिली होती. जर्मनीत लेंझ आणि ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड या दोन डॉक्टरांना ते खटकलं आणि १९६१ मध्ये औषध मागं घेतलं गेलं. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळांना इजा झाली होती. तरीही ते दिसलं, कारण ते नेहमीचं नव्हतं.

रोफेकॉक्सिबचं तसं झालं नाही. सांधेदुखीचंच औषध, १९९९ ला आलं. त्यानं हार्ट अटॅकचा धोका वाढत होता. पण साठीच्या माणसाला हार्ट अटॅक आला तर कुठला डॉक्टर गुडघ्याच्या गोळीवर संशय घेईल? वयानं आला, सिगारेटनं आला, असंच म्हणणार. ३० सप्टेंबर २००४ ला औषध मागं घेतलं. पुढच्या वर्षी एफडीए या अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेतले डेव्हिड ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की एकट्या अमेरिकेत गंभीर हृदयविकाराचे ८८,००० ते १,४०,००० जादा रुग्ण यामुळं झाले असावेत. एवढी माणसं, आणि एकेका खाटेशी उभं राहून बघितलं तर एकही केस संशयास्पद नाही. जो त्रास म्हातारपणी तसाही होतो तो औषधानं वाढवला, तर तो फक्त मोजणीत दिसतो. किडनीचं अगदी असंच आहे. म्हणून आईंची नोंद व्हायला हवी.

फौंड्रीवाला

मॅडम, मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत क्वालिटी बघतो, म्हणून एक शंका. आमच्याकडं महिन्याला किती कास्टिंग बाद झाली एवढ्यावर काहीच ठरत नाही. एकूण ओतली किती, हे आधी विचारतात. तुमच्याकडं लोक फोन करून तक्रारी देणार. पण ही गोळी एकूण किती जणांनी घेतली आणि किती जणांना काहीच झालं नाही, हा आकडा कुठाय? तो नसेल तर कुठलंही औषध बदनाम करता येईल. मी स्वतः पाठदुखीला हीच गोळी अधूनमधून घेतो, मला काही झालेलं नाही.

सातवी_गल्ली

दादा, नेमक्या जागी बोट ठेवलंत. अपूर्णांकातला खालचा छेद, म्हणजे एकूण किती जणांनी गोळी घेतली तो आकडाच नाही, हीच या कामातली सगळ्यात मोठी अडचण. आणि वरचा अंश तरी पूर्ण असतो का? २००६ मध्ये १२ देशांतले ३७ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा न नोंदवलेल्या दुष्परिणामांचं मध्यक प्रमाण ९४ टक्के निघालं. म्हणजे शंभरातले सहाच कळवले जातात. अशा आकड्यांवरून "हजारात इतक्यांना होतं" असं कुणी सांगत असेल तर ते चूकच.

मग या नोंदींचा उपयोग काय? त्यांनी संशयाची दिशा कळते. भारतातल्या नोंदी स्वीडनमधल्या उप्साला इथल्या जागतिक साठ्यात जातात. तिथं असं पाहतात की अमुक औषधाच्या सगळ्या तक्रारींत किडनीच्या किती, आणि बाकी सगळ्या औषधांच्या तक्रारींत किडनीच्या किती. पहिलं प्रमाण फार जास्त निघालं तर तो इशारा. निकाल नव्हे. भारतातही ३० नोव्हेंबर २०२३ ला मेफेनॅमिक ॲसिडबद्दल असाच सावधगिरीचा इशारा निघाला: अंगावर पुरळ, ताप, आणि आतल्या अवयवांना इजा करणारी ड्रेस नावाची प्रतिक्रिया. पाळीच्या दुखण्याला मुली सर्रास घेतात ती गोळी. तोही लोकांच्या नोंदी तपासूनच निघाला.

इशारा मिळाला की पुढं छेद असलेला अभ्यास करायचा, वर सांगितलेल्या ब्रिटनमधल्यासारखा. त्यातही सापळे आहेत. दुखण्याची गोळी जास्त घेणारा माणूस आधीच जास्त आजारी, जास्त वयाचा असतो. मग किडनी गोळीनं गेली की ज्या दुखण्यासाठी गोळी घेतली त्यानं? हे वेगळं काढण्यातच संशोधकाची बरीच वर्षं जातात.

आणि कंपनीनं आधी चाचण्या केलेल्या असतातच की, असं विचाराल म्हणून सांगते. समजा ३,००० लोकांना औषध दिलं आणि एक त्रास एकालाही झाला नाही. तरी ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की तो हजारात एकापेक्षा जास्त वेळा होत नसावा. महाराष्ट्रात लाखो माणसं जी गोळी घेतात तिच्यासाठी हजारात एक म्हणजे शेकडो घरं. शिवाय चाचणीत बहुधा खूप म्हातारी माणसं घेत नाहीत, किडनी कमजोर असलेली घेत नाहीत, गरोदर बायका घेत नाहीत, चार-पाच औषधं चालू असलेली घेत नाहीत. आणि आमच्या गावांत गोळ्या खाणारी माणसं हीच.

म्हणून आम्ही छेद गोळा करायला घरोघरी जातो. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, असं सांगतो. "कोणतं औषध घेता?" म्हटलं की बीपीची आणि साखरेची सांगतात. दुखण्याची गोळी कुणी औषधात धरतच नाही. ती फडताळात, चहाच्या डब्यामागं, ब्लाउजच्या छोट्या पाकिटात असते. पिशवी उलटी केली की स्ट्रिपचे कातरलेले तुकडे पडतात, नाव असलेली बाजू कधीच गेलेली. माझ्या मते आपल्याकडच्या औषध सुरक्षेचा खरा प्रश्न त्या तुकड्यात आहे. नावच माहीत नसेल तर तक्रार तरी कशाची करणार?

तुम्हाला काही झालं नाही हे चांगलंच आहे. बीपीचं औषध नसेल, वय कमी असेल, चार दिवसांत बंद करत असाल तर धोका कमीच. पण फर्नेसजवळ घाम गाळून आल्यावर रिकाम्या पोटी आणि पाणी न पिता घेऊ नका.

मोजणीचं एक उदाहरण तुम्हाला पटेल. गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅकनं. एसिक्लोफेनॅकचंच भावंड. जनावराला दिलेलं औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची किडनी बंद पडली. कारण २००४ ला सापडलं, २००६ ला जनावरांसाठी बंदी आली. पण गिधाडं घटली हे मुळात कळलं कसं? भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्ष्यांचे अभ्यासक विभू प्रकाश यांनी आधीच ती मोजून ठेवली होती. जुना आकडा हाताशी होता म्हणून नव्याची भीती वाटली. ताईंच्या घरात जुना ०.९ चा रिपोर्ट सापडला नसता तर २.४ बघून सगळ्यांनी "जुनाच आजार असेल" म्हटलं असतं.

मेडिकलवाला_लक्ष्मीपुरी

मॅडम, बरोबर बोललात. दुकानदाराची बाजू पण ऐका. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक शेड्यूल एच मधली औषधं, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे. पण समोर वयस्कर बाई गुडघा धरून उभी असते, एसटी सुटायची वेळ झालेली असते, आणि मी नाही म्हटलं तर शेजारचा देतो. हे समर्थन नाही, होतं ते सांगतोय. हल्ली मी एकच प्रश्न विचारतो, "बीपीची गोळी चालू आहे का?" हो म्हटलं तर दुखण्याची गोळी देत नाही, डॉक्टरांना विचारून या म्हणतो. गिऱ्हाईक तुटतं कधी कधी.

आणि स्ट्रिप कापायची वेळ आली तर मी नाव आणि बॅच असलेली बाजू शेवटपर्यंत ठेवतो, किंवा पाकिटावर नाव लिहून देतो. हे सगळ्या दुकानदारांनी करण्यासारखं आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आम्ही दुकानदार पण कळवू शकतो का?

सातवी_गल्ली

नक्की कळवू शकता. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, सगळ्यांसाठी एकच फॉर्म आहे. फार्मासिस्टची नोंद तर मला फार मोलाची वाटते, कारण बॅच नंबर आणि सोबतची औषधं तुमच्याइतकी कुणाला माहीत नसतात. तो बीपीचा प्रश्न विचारणं सोडू नका. खरंच सोडू नका.

आशा_हातकणंगले

मॅडम मी आशा सेविका आहे. आमच्या भागात कारखाना सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बाया पहाटेपासून फडात असतात, पाणी कमी पितात कारण लघवीला जायची सोय नसते. कंबर दुखते म्हणून गोळ्या खातात. आणि बाजारात पुड्या मिळतात सांधेदुखीच्या, बिननावाच्या. आयुर्वेदिक आहे म्हणतात. पुडी घेतली की एका दिवसात फरक पडतो. पण आमच्याच गावातल्या एका मावशींचं तोंड सुजून गोल झालंय, पोट वाढलंय, हातपाय बारीक. त्यांना पुडी बंद करा म्हणून सांगू का? आणि हे पण कळवता येतं का?

सातवी_गल्ली

ताई, आधी मावशींचं. पुडी एकदम बंद करायला सांगू नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं स्टिरॉइडची वाटतात. अशा बिननावाच्या पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं असू शकतं, म्हणून एका दिवसात फरक पडतो. बरेच महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. अचानक तोडलं तर बीपी पडतो, उलट्या होतात, जीवावर बेतू शकतं. उद्याच त्यांना उरलेल्या पुड्यांसकट सरकारी दवाखान्यात न्या. डॉक्टरांना सांगा की किती दिवसांपासून घेतायत. साखर आणि बीपी तपासायला लावा. डोस हळूहळू कमी करायचा असतो, ते डॉक्टरच ठरवतील. डॉक्टर उद्या भेटले नाहीत तरी तोवर पुडी तोडायची नाही.

कळवता येतं, आणि इथं दोन ठिकाणी कळवा. त्रासाची नोंद वरच्याच नंबरवर. पुडीत काय भेसळ आहे हे तपासणं अन्न व औषध प्रशासनाचं काम, त्यांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या आणि पुडीचा नमुना न फोडता जपून ठेवा. खऱ्या आयुर्वेदिक औषधांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी सुरक्षा यंत्रणा आहे. ती हवीच, कारण झाडपाल्यानंही किडनी जाते. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या चिनी जडीबुटीतून बायकांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या.

फडातल्या बायांचं तुम्ही लिहिलंत ते मी आमच्या टीमला वाचून दाखवणार आहे. पाणी न पिणं, ऊन, कष्ट आणि दुखण्याची गोळी हे एकत्र असलेला माणूस कुठल्याच औषध चाचणीत नसतो. त्या बाया सहा महिने इथं आणि सहा महिने तिकडं, म्हणून कुठल्याच गावाच्या यादीत नीट येत नाहीत. त्यांची मोजणी कशी करायची हा प्रश्न माझ्यासाठी उघडाच आहे. तुम्ही तोवर एवढं करा: दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल का हे डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि टोळीत बीपीच्या गोळ्या कोण घेतं तेवढं वहीत लिहा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आज फोन लावला, लगेच उचलला. पलीकडच्या बाईंनी हिंदीत नीट विचारलं. पण एसिक्लोफेनॅकच्या स्ट्रिपचा नुसता कोपरा उरलाय, बॅच नंबर नाही. कंपनीचं नावही अर्धंच दिसतंय. आणि किडनीच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आणि बीपीची गोळी एकाच दिवशी बंद केली होती. मग दोष कुणाचा लिहायचा?

सातवी_गल्ली

बॅच माहीत नाही असंच लिहा, त्यामुळं नोंद बाद होत नाही. संशयित म्हणून तिन्ही औषधांची नावं द्या. प्रत्येक कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं त्या तारखा लिहा, अंदाजे असल्या तरी. दोन्ही गोळ्या एकदम थांबवल्या म्हणून कुणाचा किती वाटा हे कुणालाच वेगळं सांगता येणार नाही, आणि ते बघायला कुणीही आईंना ती गोळी पुन्हा देऊ नये. थांबवल्यावर क्रिएटिनिन उतरलं, ही मोठी खूण आहे. माझ्याकडं ही केस आली असती तर मी तिला "बहुधा औषधामुळं" या वर्गात टाकली असती. "नक्की" म्हटलं नसतं, कारण उन्हाळ्यात पाणी कमी पडणं हेही कारण असू शकतं.

०.९, २.४ आणि १.३ या तिन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स जोडा, तारखांसकट. नोंदणी क्रमांक मिळाला असेल तर तो जपून ठेवा. पुढचा रिपोर्ट आला की त्याच क्रमांकावर पाठवता येतो. आणि गावातल्या डॉक्टरांना एक प्रत नेऊन द्या. होडीतून आलेला माणूस आहे म्हणालात, तो वाचेल.